‘पी१६ पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं किती पॉझिटिव्ह?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे, मुलाने विचारलेला. वडील ६३ वर्षांचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त. तीसेक वर्षं बिडी, जोडीला तंबाखू-चुना. पाच वर्षांपूर्वी दोन्ही सोडलं. गिळताना उजवीकडे टोचायचं, मग त्याच बाजूला मानेत गाठी लागल्या. स्कॅनमध्ये टॉन्सिलची गाठ ३ सेंटिमीटर, मानेतल्या तीन-चार, सगळ्यांत मोठी अडीच सेंटिमीटरची. बायॉप्सीचा रिपोर्ट: किरॅटिनायझिंग स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा, किरॅटिन (नखा-केसांतलं कडक प्रथिन) तयार करणारा कॅन्सर. आणि खाली एक ओळ, जिच्यामुळे हा सगळा खटाटोप: “पी१६ – पॉझिटिव्ह, फोकल, अंदाजे ४० टक्के पेशी.” मुलाने वाचलंय की पी१६ पॉझिटिव्ह असेल तर ८० टक्क्यांहून जास्त पेशंट वाचतात आणि उपचारही सौम्य केले तरी चालतात. हा आकडा बाबांना लागू होतो का? उपचार कमी करून मागावेत का? आणि एका लॅबचा माणूस शेकडो जीन्सची तपासणी करून ‘पुढचं सगळं कळेल’ म्हणतोय, ती करावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, चोवीस वर्षं ठाण्यात याच स्लाइड बघते आहे. तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकते: बहुतेक नाही, मुळीच नाही, आत्ता नाही. आता का ते सांगते.

सुरुवात त्या ४० टक्क्यांपासून करू. पी१६ हे एचपीव्ही या विषाणूचं (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, घशाचे काही कॅन्सर त्याच्यामुळे होतात) प्रथिन नव्हे, आपल्याच पेशीचं आहे. पेशीने उगाच विभागत सुटू नये म्हणून जे ब्रेक असतात त्यांतला हा एक. एचपीव्ही पेशीत शिरून ठाण मांडतो तेव्हा त्याचं ई७ नावाचं प्रथिन पेशीतल्या आरबी या दुसऱ्या ब्रेकला निकामी करतं. एरवी आरबी पी१६ला आटोक्यात ठेवतो. तो गेला की पी१६ पेशीत नुसतं साचत जातं. म्हणून विषाणू शोधण्यापेक्षा पी१६चा रंग बघणं सोपं आणि स्वस्त पडतं. तो विषाणूचा माग आहे, विषाणू नाही. (पी१६मधला १६ हा त्या प्रथिनाचा रेणुभार, एचपीव्ही-१६मधला १६ हा त्या प्रकाराचा अनुक्रमांक. दोघांची गाठ निव्वळ योगायोगाची. पण या योगायोगाने भल्याभल्यांना फसवलं आहे, “पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे सोळा नंबरचा व्हायरस सापडला ना?” हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय.)

मायक्रोस्कोपखाली खरा पॉझिटिव्ह कसा दिसतो? काच ठेवताच, नुसत्या डोळ्यांनीसुद्धा, ट्यूमरचा भाग चॉकलेटी दिसतो. भिंगाखाली एकही बेट सुटलेलं नसतं. पेशीचं केंद्रकही तपकिरी, भोवतालचा भागही तपकिरी, आणि रंग कुठे गडद कुठे फिका असा नाही, एकसंध. नियम असा आहे की ट्यूमरच्या किमान ७० टक्के पेशींत, केंद्रक आणि बाहेरचा भाग दोन्हींत, मध्यम ते गडद रंग हवा. त्याखाली जे काही असेल ते निगेटिव्ह. मधली पायरी नाही. ‘फोकल पॉझिटिव्ह’, ‘वीक पॉझिटिव्ह’ असं लिहिणं म्हणजे पॅथॉलॉजिस्टने स्वतःची अडचण पेशंटच्या गळ्यात मारणं.

एवढं कडक का, तर निरोगी टॉन्सिलमध्ये जे खाचखळगे असतात त्यांच्या आतल्या अस्तरातही पी१६ ठिपक्याठिपक्यांनी रंगतं. किंबहुना आम्ही स्टेन नीट झालाय की नाही हे त्यावरूनच तपासतो. तंबाखूने बिघडलेल्या, एचपीव्हीचा पत्ताच नसलेल्या ट्यूमरमध्येही पाव-अर्ध्या पेशी रंगू शकतात. तुमच्या रिपोर्टमधला ‘किरॅटिनायझिंग’ हा शब्दही मला त्याच दिशेला नेतो. एचपीव्हीचे ट्यूमर सहसा गडद निळे, किरॅटिन नसलेले, आजूबाजूला लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी असलेले असतात. किरॅटिनचे गुलाबी मोती दिसायला लागले की आमचा हात आपोआप ‘पी१६ निगेटिव्ह असणार’कडे झुकतो. नेहमी बरोबर निघतं असं नाही, पण बहुधा निघतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका जिभेच्या मुळाच्या बायॉप्सीवर टक्का न लिहिता ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहून रिपोर्ट साइन केला. अर्ध्याच्या आसपास पेशी रंगल्या होत्या, मला आठवतंय. पेशंटच्या पत्नी दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स घेऊन आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा ‘चांगला’ कॅन्सर आहे. मी एक पेढा खाल्लासुद्धा. वर्षाच्या आत त्या गृहस्थांचा आजार मानेत उलटला. माझ्या त्या शब्दामुळे उपचार बदलले नव्हते, तेवढं नशीब. पण घरच्यांनी जी गणितं मांडली होती ती माझ्या शब्दावर मांडली होती. त्यानंतर टक्का आणि रंगाची तीव्रता लिहिल्याशिवाय मी पी१६चा रिपोर्ट सोडत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये निदान ४० हा आकडा लिहिलाय, त्याबद्दल त्या पॅथॉलॉजिस्टचे आभारच माना. शब्द चुकला तरी आकड्यावरून खरं काय ते कळतं.

या एका शब्दाने काय उलथापालथ होते ते बघा. कॅन्सरची स्टेज ठरवण्याचे जे नियम २०१८ साली लागू झाले, त्यांत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरसाठी पी१६ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन वेगळे तक्ते आहेत. तुमच्या बाबांची गाठ ३ सेंटिमीटरची, म्हणजे टी-२. मानेच्या एकाच बाजूला अनेक गाठी, सगळ्या ६ सेंटिमीटरच्या आतल्या. पी१६ पॉझिटिव्हचा तक्ता उघडला तर ही स्टेज एक. निगेटिव्हचा उघडला तर स्टेज चार-ए. तोच माणूस, तोच स्कॅन, तीच गाठ. म्हणून ४० टक्क्यांना पॉझिटिव्ह म्हणणं ही किरकोळ चूक नाही. आणि स्टेज चार ऐकून घाबरूही नका. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये चार-ए म्हणजे पूर्ण बरं करण्याच्या हेतूनेच ज्यावर उपचार होतात असा आजार. पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या स्टेज चारशी त्याची तुलना करू नका.

आता ८० टक्क्यांचा आकडा कुठून येतो? २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. टॉन्सिल-जिभेच्या मुळाचा कॅन्सर झालेल्यांत, ज्यांच्या ट्यूमरमध्ये एचपीव्ही होता त्यांच्यातले ८२.४ टक्के तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यातले ५७.१ टक्के. तुम्ही वाचलं ते बहुधा हेच. पण त्याच लेखात पुढे जे आहे ते नेटवर कुणी सांगत नाही. त्यांनी एचपीव्हीसोबत धूम्रपान आणि गाठींचा पसारा धरून तीन गट केले. सगळ्यांत कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के हयात, मधल्या गटात ७०.८, सगळ्यांत जास्त धोक्याच्या गटात ४६.२. एचपीव्ही पॉझिटिव्ह असूनही ज्याने भरपूर सिगारेटी ओढल्या आणि ज्याच्या मानेत अनेक गाठी आहेत, तो मधल्या गटात जातो. म्हणजे क्षणभर धरून चालू की बाबांचा ट्यूमर खराच एचपीव्हीचा आहे, तरी ८२ आणि ९३ हे आकडे त्यांचे नव्हेत.

आणि इथे आपल्याकडचा एक पेच आहे. ते लोक धूम्रपान ‘पॅक-इयर’मध्ये मोजतात: रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक. रेघ दहावर आहे. आता बिडी या मापात कशी बसवायची? तंबाखू-चुना, मशेरी, २०१२ला राज्यात बंदी येऊनही पुडीतून मिळणारा गुटखा, यांना तर त्या हिशेबात खानाच नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रिक्वेस्ट फॉर्मवर ‘नॉन-स्मोकर’ लिहिलेलं असलं तरी मी फोन करून विचारते, “गालात काही धरतात का?” निम्म्या वेळेला पलीकडून हसून “ते तर आहेच” असं उत्तर येतं.

पी१६ आणि एचपीव्ही यांचं उत्तर एकमेकांशी जुळलं नाही तर काय होतं, हे २०२३ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेल्या अभ्यासाने दाखवलं. मुख्यतः युरोपातले आणि कॅनडातले ७,६५४ पेशंट. त्यांतल्या ९.२ टक्क्यांमध्ये दोन्ही तपासण्या एकमेकींशी भांडत होत्या. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण: दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर ८१.१ टक्के, दोन्ही निगेटिव्ह तर ४०.४, आणि पी१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर ५४.७. शेवटचा आकडा दुसऱ्याच्या जवळ आहे, पहिल्याच्या नाही. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते: ज्या भागात एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कॅन्सर कमी, तिथे पी१६ पॉझिटिव्ह येऊनही एचपीव्ही नसण्याचं प्रमाण जास्त निघालं. साधा हिशेब आहे. आपल्याकडे घशाच्या कॅन्सरचा मोठा वाटा अजून तंबाखूचा. म्हणून आपल्याकडे नुसत्या पी१६वर विसंबणं अमेरिकेपेक्षा जास्त धोक्याचं. पी१६ पॉझिटिव्ह आला, विशेषतः तंबाखू घेणाऱ्या माणसात, तर त्याच ब्लॉकवर (बायॉप्सीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर) एचपीव्हीच्या ई६-ई७ या जनुकांच्या एमआरएनएची, म्हणजे चालू जनुकांच्या प्रतींची, इन-सिटू (पेशीत जागच्या जागी बघायची) तपासणी करावी. त्यात विषाणू ट्यूमरच्या पेशीत बसून काम करतोय की नाही हे दिसतं. पीसीआरने नुसता डीएनए शोधला तर तोंडात सहज आलेला-गेलेला विषाणूही पकडला जातो.

एक प्रश्न कुणी लिहून विचारत नाही, पण दारातून परत वळून दबक्या आवाजात विचारतं: एचपीव्ही लैंगिक संबंधातून येतो ना, म्हणजे बाबांनी...? एचपीव्ही इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून लावतं. ज्यांच्यात तो टिकतो त्यांच्यात कॅन्सर व्हायला दशकं जातात. या रिपोर्टवरून कुणाच्या संसाराचा निवाडा होत नाही.

‘घसा’ हा आपला शब्द फार सैल आहे, त्यानेही गोंधळ होतो. टॉन्सिल घशात, जिभेचं मूळ घशात, स्वरयंत्र घशात, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला भाग घशात, आणि नाकाच्या मागचा कोपराही घशातच. मी वर जे पी१६बद्दल लिहिलं ते फक्त टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि तिथल्या मऊ टाळूच्या पट्ट्यापुरतं. स्वरयंत्र किंवा त्याच्या मागचा हायपोफॅरिंक्स इथल्या ट्यूमरवर पी१६ करून उपयोग नाही. तिथे पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून पुढचं काही भाकीत धरता येत नाही, स्टेजही बदलत नाही. तरी दर महिन्याला माझ्याकडे स्वरयंत्राच्या बायॉप्सीवर पी१६ची मागणी येते. फॉर्मवर छापलेलं असतं, कुणीतरी टिक करतं. नाकामागच्या कॅन्सरची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तो ईबीव्ही या दुसऱ्याच विषाणूशी जोडलेला, आपल्या देशात नागालँड-मणिपूरकडे जास्त, इकडे क्वचित. तिथे रक्तातला ईबीव्ही डीएनए हा खरोखर कामाचा मार्कर (आजाराची मोजता येणारी खूण) आहे: उपचारांआधी किती होता, संपल्यावर शून्यावर आला का, यावरून आजार परतण्याचा धोका बराच कळतो. टॉन्सिलच्या पेशंटने ती तपासणी करण्यात अर्थ नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उपचार कमी करण्याचा. इथे माझं मत ठाम आहे. मार्कर दोन जातीचे असतात, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक जात सांगते की हा आजार साधारण कसा वागेल. दुसरी सांगते की अमुक औषध दिलं तर या पेशंटला उपयोग होईल की नाही. पी१६ पहिल्या जातीचा आहे. तो दुसऱ्या जातीचा असेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. तर्क सरळ होता: हे पेशंट इतके चांगले वाचतात, मग सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचा मारा कशाला, त्याऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य, ईजीएफआर या पेशीवाढीच्या प्रथिनाला अडवणारं औषध देऊ. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एक मुख्यतः अमेरिकेत, एक युरोपात, दोन्हींचे निकाल २०१८च्या अखेरीस लॅन्सेटमध्ये आले. अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं अंदाजित प्रमाण सिस्प्लॅटिनवाल्यांत ८४.६ टक्के, सेटुक्सिमॅबवाल्यांत ७७.९. युरोपात दोन वर्षांनी ९७.५ विरुद्ध ८९.४. आणि गंमत म्हणजे ‘सौम्य’ औषधाने त्रासही एकंदरीत कमी झाला नाही. पुढे रेडिएशनच ७० ग्रेवरून ६० ग्रेवर (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) आणण्याची चाचणी झाली, तीही अगदी कमी सिगारेट ओढलेल्या, निवडक पेशंटमध्ये. तिथेही नेहमीचे पूर्ण उपचारच सरस ठरले. हे सगळे खऱ्याखुऱ्या एचपीव्हीच्या ट्यूमरचे निकाल. तुमच्या बाबांचा ट्यूमर बहुधा तसा नाहीच. तेव्हा ४० टक्क्यांच्या कागदावर ऑन्कॉलॉजिस्टकडे उपचार कमी करायची मागणी करू नका.

तिसरा प्रश्न, शेकडो जीन्सची तपासणी. तिच्यात काय निघेल ते मी तुम्हाला जवळपास आत्ताच सांगू शकते. २०१५ साली नेचरमध्ये डोक्या-मानेच्या २७९ ट्यूमरचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. एचपीव्ही नसलेल्यांपैकी ८४ टक्क्यांत टीपी५३ जनुक बिघडलेलं होतं. बाबांच्या रिपोर्टमध्येही बहुधा ते पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत येईल. पुढे काय? टीपी५३ बिघडलं म्हणून आज देण्यासारखं औषध नाही. ‘आजार आक्रमक असू शकतो’ हे कळेल, जे तीस वर्षांच्या बिडीने आधीच सांगितलं आहे. ईजीएफआरचंही तसंच: डोक्या-मानेच्या बहुतेक सगळ्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये ते वाढलेलं असतं, त्यामुळे ते आहे की नाही यावरून निवड होतच नाही. लॅबच्या माणसाला एकच विचारा: “यातल्या कोणत्या उत्तराने बाबांचा सोमवारपासूनचा उपचार बदलेल?” तो माहितीपत्रक उलगडेल. माहितीपत्रक छान असतं.

त्या यादीत एक मार्कर मात्र खरोखर दुसऱ्या जातीचा आहे, पीडी-एल१ हे प्रथिन. त्याचा सीपीएस नावाचा स्कोअर काढतात. ट्यूमरच्या रंगलेल्या पेशी, अधिक रंगलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज, भागिले ट्यूमरच्या एकूण जिवंत पेशी, गुणिले शंभर. आम्ही हे डोळ्यांनी मोजतो, आणि स्लाइडवर किमान शंभर जिवंत ट्यूमर पेशी नसतील तर मोजतच नाही. आजार उलटला किंवा पसरला तर इम्युनोथेरपीचा (शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा) किती उपयोग होईल याचा अंदाज यावरून येतो. २०१९च्या कीनोट-०४८ चाचणीत सीपीएस २० किंवा जास्त असलेल्यांत नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर आयुर्मानाचा मध्यक १४.९ महिने, तर सेटुक्सिमॅबसह किमोवर १०.७. पण ही परिस्थिती तुमच्यावर आलेली नाही, येऊही नये. आधी ऑपरेशन ठरलं असेल तर मात्र पीडी-एल१ आत्ताही विचारात घेतात, कारण २०२५पासून ऑपरेशनच्या आधी-नंतर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आहे आणि तिथे सीपीएस किमान १ असावा लागतो. बाबांच्या बाबतीत बहुधा रेडिएशन-किमोच ठरेल. ते तुमचे डॉक्टर सांगतील.

पैशाचं एक सांगते, कारण घरात वाद चालू आहे असं लिहिलंय. इम्युनोथेरपी परवडत नाही म्हणून हात टेकणाऱ्या घरांसाठी सगळ्यांत उपयोगाचा अभ्यास परळच्या टाटा हॉस्पिटलमधूनच आला. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, तोंडी घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला. आजार पुढे गेलेल्या पेशंटमध्ये वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या त्या तीन औषधांवरच्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आणि त्यासाठी पीडी-एल१चा स्कोअर बघून पेशंट निवडले नव्हते. म्हणजे उद्या दुर्दैवाने वेळ आलीच, तरी मार्करचा कागद हातात नाही म्हणून दार बंद होत नाही.

रक्तातून एचपीव्हीचे तुकडे शोधण्याची तपासणीही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ती चांगली आहे. २०२० साली ११५ पेशंटचा अभ्यास आला; उपचारानंतर ज्यांच्या रक्तात तुकडे एकदाही सापडले नाहीत, अशा ८७ जणांपैकी कुणाचाही आजार त्या काळात परतला नाही. पण ट्यूमरमध्येच एचपीव्ही नसेल तर रक्तात काय सापडणार? निगेटिव्ह येईल आणि घरात खोटा दिलासा पसरेल. एमआरएनएचं उत्तर आल्याशिवाय ही तपासणी करू नका.

माझ्या काचेवर न दिसणाऱ्या काही गोष्टी कोणत्याही जनुकीय पॅनेलपेक्षा जास्त बोलतात. रेडिएशनचा एकेक बुडालेला दिवस. साधारण ३५ बैठका, सात आठवडे. मध्ये खाडा पडून तो भरून निघाला नाही तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता दर दिवसाला टक्का-सव्वा टक्क्याने उतरते, असं वर्षानुवर्षांच्या हिशेबांतून दिसलं आहे. एक आठवडा चुकला तर किती झालं बघा. म्हणून केंद्र निवडताना ऐरोलीहून रोज झेपेल असंच निवडा. खारघरला टाटाचं केंद्र आहे, ट्रान्स-हार्बरने सरळ जाता येतं, पण पाचव्या आठवड्यात तोंड सोलून निघालेलं असताना बाबा लोकलमध्ये उभे राहू शकतील का, पावसात रुळांवर पाणी साचलं तर दुसरी सोय काय, हे आजच ठरवा. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर ते. वजन: पहिल्या दिवशी काट्यावर उभं करा आणि दर सोमवारी लिहून ठेवा, नाकातून नळी घालायची वेळ आली तर “आणखी दोन दिवस बघू” म्हणू नका. किडनी आणि कान तपासून घ्या, सिस्प्लॅटिन पूर्ण डोसमध्ये झेपणार की नाही ते त्यावर ठरतं. किडलेले दात रेडिएशनच्या आधी काढायचे, नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याची भीती. आणि तंबाखू. पाच वर्षं सोडली आहे ना? उपचारांच्या ताणात परत पुडी उघडलेले मी पाहिलेत.

आता प्रत्यक्ष करायचं ते. जिथे बायॉप्सी झाली तिथे जा आणि मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागा. तो पेशंटचा असतो, देतात. एक अर्ज आणि सही लागते. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेला मेणाचा तुकडा, काडेपेटीहूनही लहान. त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवरच जुळवून बघा. गेल्याच महिन्यात एक गृहस्थ कोपरीहून माझ्याकडे दुसऱ्याचाच ब्लॉक घेऊन आले होते, एका आकड्याचा फरक. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. डोक्या-मानेच्या स्लाइड रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या आणि दोनच गोष्टी मागा: पी१६ पुन्हा, टक्का आणि तीव्रतेसह, आणि तो ७०च्या वर आला किंवा शंका राहिली तरच ई६-ई७ एमआरएनए. एवढंच. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील, आणि त्यासाठी रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नका. रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर धरणारा मास्क बनवणं, प्लॅनिंगचं स्कॅन, दात, हे सगळं तेवढ्या वेळात चालू राहू शकतं. उत्तर काहीही आलं तरी पहिला आठवडा तोच असणार आहे.

काम झालं की ब्लॉक परत घ्यायला विसरू नका. पीडी-एल१ची वेळ कधी आलीच, तर लागेल तो हाच.